अंगठेबहाद्दरांचे सचिव

आमचे सचिव सभेला न आलेल्या माणसावर कधी रागावले नाहीत. ते त्याच्या घरी जायचे आणि झालेली सभा त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचे.

माझ्या घरी ते असे पहिल्यांदा आले ती रविवारची संध्याकाळ होती. मी कुकर लावत होते. सावेडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बेल वाजली आणि सासूबाईंनी दार उघडलं. दारात सत्तरीचा एक किडकिडीत माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, काखेत लाल बांधणीचं जाडजूड रजिस्टर.

"आमाला इमा न्हाई काढायचा," सासूबाई म्हणाल्या.

"विमा नाही हो आजी, इतिवृत्त आहे."

सासूबाई पाथर्डीकडच्या. त्यांनी 'वृत्त' ऐकलं ते 'व्रत' म्हणून. घरी चालून आलेलं व्रत परत कोण पाठवील? त्यांनी पाहुण्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि समोर मांडी घालून बसल्या. सचिवांनी चष्मा लावून सुरुवात केली. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." मग हजर सभासदांची सहा नावं. मग गैरहजर सभासदांची यादी, आणि त्या यादीत माझं नाव, वडिलांच्या नावासकट, माझ्याच घरात, माझ्याच सासूसमोर. मी कुकरच्या शिट्टीआड लपून राहिले. वाचन वीस मिनिटं चाललं. शेवटी "अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली" असं आलं तेव्हा सासूबाईंनी हात जोडले आणि विचारलं, "मंग ह्या सभंला आमची सून का गेली न्हाई?"

"तेच विचारायला आलो होतो," सचिव म्हणाले, "पण विचारणार नाही. आमच्यात तशी पद्धत नाही." आणि वाचून दाखवल्याबद्दल माझी सही घेऊन ते गेले.

पुढच्या महिन्यातही मी गेले नाही. ते परत आले. या खेपेस सासूबाईंनी चहाचं आधण आधीच ठेवलं होतं. "मागच्या टायमाला त्या चोपण जमिनीचं ऱ्हायलं हुतं, त्याचं काय ठरलं?" त्यांनी दारातच विचारलं. तिसऱ्या महिन्यात, सभेच्या दिवशी सकाळी, त्यांनी माझ्या हातातलं लाटणं-पोळपाट काढून घेतलं. "जा. त्यो म्हातारा मानूस कोल्हारवरनं यष्टीनं येतो, तुला रिक्षानं जाया काय धाड भरलीय? सैपाक मी बगते."

अशी मी आमच्या मंडळाच्या सभेला जायला लागले. सभासद होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

मंडळ म्हणजे जिल्ह्यातल्या माती-पाणी तपासणाऱ्या लोकांचं मंडळ. अधिकृत नाव इतकं लांब आहे की रबरी शिक्क्यात ते मावत नाही, शेवटचा शब्द कायम कागदाबाहेर उमटतो. त्यात कॉलेजांतले मृदाशास्त्राचे प्राध्यापक आहेत, साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांतले केमिस्ट आहेत आणि माझ्यासारखे खाजगी लॅबमध्ये नोकरी करणारे आहेत. सगळे मिळून बहात्तर. नोकरी लागली की माणूस सभासद होतो, प्रमाणपत्र फ्रेम करून टेबलामागे लावतो आणि तिथं त्याचा मंडळाशी संबंध संपतो.

सभा दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, सकाळी अकराला. म्हणजे साडेअकराला. हे जरा समजावून सांगायला हवं. कुठल्याही सभेच्या सूचनेखाली आपल्याकडे एक वाक्य छापलेलं असतं : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. हे वाक्य ज्यानं शोधून काढलं त्याला आपली माणसं चांगली माहीत असणार. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला होता की अकराला कुणीच यायचं नाही, सभा तहकूब होणार हे धरूनच चालायचं, आणि ज्यांना अगदीच करमत नाही त्यांनी साडेअकराला यायचं. अकराला हजर असायचे ते एकटे सचिव. रिकाम्या बाकांसमोर उभं राहून ते मोठ्यानं "गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे" असं म्हणायचे, आणि मग बाक पुसायला घ्यायचे.

त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळे 'सचिव'च म्हणायचे. एकदा मी त्यांच्या कोल्हारच्या घरी फोन केला तर त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "सचिव विहिरीवर मोटार बंद करायला गेलेत." मी विचारलं, तुम्हीसुद्धा? तर म्हणाल्या, "चौदा वर्षं झाली की. अध्यक्ष बदलत्यात, सचिव बदलत नसतो. ते पद कुणाला नकोच असतं ना!" हे खरंच होतं. सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या गळ्यात हे पद पडलं, आणि त्यांनी ते गळ्यातल्या माळेसारखं जपलं. आता गेल्या वर्षापासून गुडघ्यांमुळे त्यांनी सोडलंय. तरी लोक त्यांनाच सचिव म्हणतात आणि खऱ्या सचिवाला नावानं हाक मारतात.

सवयी तर एकेक अशा, की नवख्या माणसानं बिचकावं. कुणाच्याही अंगणात गेले की चिमूटभर माती उचलायची, थुंकी लावून बोटांत मळायची आणि कानाजवळ नेऊन चोळायची. रेतीचा भाग किती आहे तो आवाजावरून कळतो म्हणायचे. एका सभासदाच्या मुलीच्या लग्नात त्यांनी वधूपित्याला आशीर्वादाच्या आधी "मंडपाखालची जमीन पाणी धरून ठेवणारी आहे, पाऊस आला तर पंचाईत होईल" असं सांगितलं होतं. माणसांचीही ते मातीवरून वर्गवारी करायचे. अमका मुरमाड, कितीही सांगा, सगळं खाली निघून जातं. तमका चोपण, वरून पाणी घाला, वरच राहील. मला ते म्हणाले, "ताई, तुम्ही काळी माती. कस आहे, पण मशागत नाही." मला राग आला होता. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरुबर हाय की त्यांचं."

मोबाइलवर मंडळाचा ग्रुप निघाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, सचिवांचे कष्ट वाचले. सभेची सूचना ग्रुपवर टाकली की झालं. पहिल्याच सूचनेला एकोणतीस अंगठे आले. सचिव हरखले. एकोणतीस माणसं येणार म्हणून त्यांनी शाळेच्या शिपायाकडून जास्तीचे बाक काढून घेतले, एकोणतीस माणसांचे पोहे सांगितले. सभेला आले सात, तेही शिपाई धरून. पोहे आम्ही डब्यांत भरून घरोघर नेले. त्या दिवशी मात्र मी सचिवांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "पूर्वी ज्याला लिहिता यायचं नाही तो अंगठा उठवायचा," ते म्हणाले. "आता डॉक्टरेट झालेले उठवतात!"

आणि पुढच्या महिन्यात त्यांनी जे केलं ते अजून जिल्ह्यात सांगितलं जातं. अंगठा पाठवून न आलेल्या प्रत्येकाच्या घरी ते गेले, पण या वेळी पिशवीत शाईचं पॅड घेऊन. राहुरीकडचे एक मोठे प्राध्यापक होते, ज्यांच्या हाताखाली पंधरावीस जण पीएच.डी. झाले असतील. त्यांच्या दिवाणखान्यात पाहुणे बसलेले. सचिवांनी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं, पॅडचं झाकण काढलं आणि अदबीनं म्हणाले, "सर, आपण ग्रुपवर अंगठा दिला होता. तो रजिस्टरात घ्यायचा राहिलाय."

प्राध्यापकांना आधी थट्टा वाटली. मग पाहुणे हसायला लागले. मग त्यांच्या सौभाग्यवती आतून आल्या आणि म्हणाल्या, "द्या की. घरात पण तुम्ही नुसता अंगठाच दाखवता." प्राध्यापक उमदे माणूस. त्यांनी खरंच अंगठा पॅडवर दाबला, रजिस्टरात उमटवला आणि सगळ्यांदेखत कबूल केलं, की पुढच्या सभेला येतो. आलेही. साडेअकराला आले, पण आले.

सचिवांच्या या असल्या तऱ्हांना आम्ही हसायचो. मीही हसायचे. पण एका तिसऱ्या रविवारी त्यांनी पिशवीतून एक पत्र काढून वाचलं आणि हसू गेलं. आमचं मंडळ ही राज्याच्या संस्थेची जिल्हा शाखा, आणि पत्र तिच्या मध्यवर्ती कार्यालयाचं होतं. आपल्या शाखेच्या वार्षिक सभा सलग तहकूब होऊन भरत आहेत. यापुढे तहकूब सभा धरली जाणार नाही. येत्या वार्षिक सभेला नेमल्या वेळेपासून अर्ध्या तासाच्या आत गणसंख्या, म्हणजे एक तृतीयांश सभासद, हजर नसतील तर शाखा बंद करून सभासद शेजारच्या जिल्ह्याला जोडले जातील. निरीक्षक समक्ष येतील.

बहात्तराचे एक तृतीयांश म्हणजे चोवीस. आम्ही वर्गात सात होतो.

अध्यक्ष म्हणाले, जोडले तर जोडले, काय बिघडतंय? तेव्हा सचिवांनी पत्राची घडी घालून ते रजिस्टरात ठेवलं. मग म्हणाले, "आपलं काम एकट्याचं आहे हो. एक माणूस, एक यंत्र, एक कागद. त्या कागदावर शेतकरी वर्षभराचं खत ठरवतो. आपलं चुकलं तर आपल्याला सांगणारं कुणी नसतं. महिन्यातून एकदा आपल्यासारखंच काम करणारी चार माणसं भेटली तरच ते कळणार. ती शेजारच्या जिल्ह्यात जाऊन भेटणार नाहीत. इथंच भेटत नाहीत!" चौदा वर्षांत त्यांनी मंडळासाठी काही मागितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला त्या माणसाची माया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

आता लोकांना आणायचं कसं? व्याख्यानांना कुणी येत नव्हतं. बोलणारे तेच ते चार प्राध्यापक, आणि त्यांच्यासमोर आम्ही लॅबवाल्यांनी तोंड उघडायचं म्हणजे छातीत धडधड. पुढच्या सूचनेत सचिवांनी व्याख्यानाच्या जागी दोनच शब्द लिहिले : फसलेला नमुना. खाली टीप, की या सदरात दर महिन्याला एका सभासदाने आपल्या हातून झालेली चूक सांगावी. यशोगाथा चालणार नाहीत.

पहिली चूक त्यांनी स्वतःची सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याच्या मातीत पालाश इतका निघाला, की त्यांनी आनंदानं लिहून दिलं, तीन वर्षं पालाश घालू नका. दोन हंगाम ऊस बारीक होत गेला तेव्हा तो शेतकरी नमुना घेऊन परत आला. "आणि नमुना कशातून आणला होता?" सचिवांनी आम्हाला विचारलं. आम्ही सगळे एकदम हसलो, कारण आमच्या धंद्यातल्या माणसालाच ते कळतं. पालाश खताच्याच रिकाम्या गोणीतून! पहिल्यांदाही त्यातूनच आणला होता. "मी माती तपासली," सचिव म्हणाले, "पिशवी विचारली नाही. दोन वर्षं त्या माणसाचं नुकसान केलं, आणि ही गोष्ट आज तुम्हाला सांगतोय ती चाळीस वर्षांनी."

मग मागच्या बाकावरचा एक कारखान्यातला केमिस्ट, ज्याचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, "माझं तर याहून वाईट झालंय." त्या दिवशी सभा दीड वाजता संपली. पुढच्या महिन्यात तेरा माणसं आली.

सचिव म्हणायचे, चूक ही नमुन्यासारखीच असते. सावलीत वाळवून चाळून घेतली तर कामाची, ओलीच पिशवीत बांधून ठेवली तर वास मारते. माझ्याजवळ अशी एक बांधलेली पिशवी होती. सामू, म्हणजे पीएच, मोजायचं यंत्र रोज एका ठरावीक द्रावणावर लावून घ्यावं लागतं. एकदा कामाच्या घाईत आठवडाभर मी शिळ्या द्रावणावरच ते लावत गेले. यंत्र सगळ्यांचाच सामू वाढवून दाखवत होतं, आणि मी लिहून देत होते, जमीन चोपण होत चाललीय, जिप्सम घाला. कळलं तेव्हा अकरा अहवाल गेले होते. मी द्रावण बदललं आणि कुणाला बोलले नाही. चार महिने मी ते पोटात ठेवून फिरत होते.

एका रविवारी उभी राहिले आणि सांगून टाकलं. कुणीतरी आता माझ्या लॅबच्या मालकाला फोन करणार असं वाटत होतं. सचिवांनी एवढंच विचारलं, "पत्ते आहेत?"

"आहेत."

"मग चला. कोण कोण येतंय?"

पाच हात वर आले. त्यात ते शाईवाले प्राध्यापकही होते. पुढच्या आठ दिवसांत आम्ही अकराच्या अकरा शेतकऱ्यांकडे गेलो, माती परत घेतली आणि तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये तपासली. मालकांना मी आधीच सांगून टाकलं होतं. ते थोडे गुरगुरले आणि मग त्यांनी गाडी दिली. सचिव आणि मी ज्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तो शेतकरी प्रवरेकाठचा, गोठ्यात धार काढत होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तो बादली बाजूला ठेवून आमच्याकडे बघतच राहिला.

"म्हंजी चुकलं ते सांगाया आलात? सोताहून?"

"हो."

"लोकं चूक झाकाया येत्यात, ताई. सांगाया आलेलं मी आजच बघतोय." मग तो हसायला लागला. "पन तुमी काळजी करू नका. जिप्सम मी टाकलंच न्हाई. आनीन आनीन म्हनता ऱ्हाऊन गेलं. माजी बायको मला रोज आळशी म्हनती, तिला जरा सांगून जा, की आळसानं रान वाचलं."

सचिवांनी खरंच आत जाऊन त्या बाईंना तसं सांगितलं, आणि रजिस्टर काढून त्यात नोंदही केली. परतीच्या वाटेवर मी गाडीत रडले. बरं वाटत होतं म्हणून रडले. सचिव खिडकीबाहेर बघत होते, आणि म्हणाले, "ही जमीन भारी आहे."

वार्षिक सभेची सूचना निघाली. छापखान्यानं सवयीनं ते तहकुबीचं वाक्य खाली घातलंच होतं. सचिवांनी बहात्तर प्रतींवर ते स्वतः लाल पेनानं खोडलं. वर्षभरात हजेरी सव्वीस-सत्तावीसपर्यंत चढली होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. फळ्यावर रांगोळीसारख्या अक्षरात मंडळाचं पूर्ण नाव लिहिलं. निरीक्षक वेळेवर आले, पुढच्या बाकावर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

अकरा वाजले. आम्ही नऊ होतो.

सचिवांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जाऊन एकाला फोन लावला. तो घरीच होता. "निघतोच की ताई," तो म्हणाला. "अजून तहकूब कुठं झालीय?"

ती माणसं येणार होती. मनापासून येणार होती. पण त्यांच्या हाडीमाशी खिळलेल्या वेळेला, साडेअकराला! लाल पेनानं खोडलेलं वाक्य कुणी वाचलंच नव्हतं, कारण सूचना वाचायचीही आमच्याकडे पद्धत नव्हती. ग्रुपवर टाकलं, आत्ताच्या आत्ता या, तहकूब नाही, शाखा बंद होईल. चौदा अंगठे आले. मी आणि अध्यक्ष दोघं व्हरांड्यात उभं राहून एकेकाला फोन करत सुटलो. "स्कूटर काढली," "चौकात आलो," "पँट घालतोय."

सव्वाअकराला पंधरा झाले. अध्यक्षांनी सचिवांना कोपऱ्यात घेतलं. ते भले गृहस्थ, मंडळाच्या भल्याचंच बघत होते. "रजिस्टर आपल्याच हातात आहे," ते हळूच म्हणाले. "बाकीच्यांच्या सह्या मागाहून घेऊ. ती माणसं येतायतच की. खोटं असं काय आहे त्यात?"

सचिवांचा चेहरा पांढरा पडला होता. चौदा वर्षं त्या रजिस्टरात होती, आणि तेवढ्या सह्यांनी ती वाचत होती. मीसुद्धा मनात म्हणाले, घ्या हो, घेऊन टाका. "नाही," ते म्हणाले. "आलेला आकडा लिहायचा. वर्षभर सगळ्यांकडून चुका कबूल करून घेतल्या, आणि आज मी हे करू?" त्यांनी रजिस्टर उचललं आणि निरीक्षकांच्या बाकावर, त्यांच्या घड्याळाशेजारी नेऊन ठेवलं.

पंचवीस मिनिटं झाली. एकवीस. बाहेर दोन स्कूटरी लागल्या असं वाटलं, तर ते शेजारच्या क्लासचे पालक निघाले. निरीक्षक घड्याळाकडे बघत होते. सचिव दारात उभे होते, दोन्ही हात चौकटीला धरून.

आणि शाळेच्या फाटकातून एक टेम्पो आत आला. उसाची पाचट चिकटलेला, कारखान्याचा टेम्पो. नगर-मनमाड रस्त्यावर जीप बंद पडली म्हणून कारखान्याच्या लॅबमधली आठ माणसं मिळेल त्या टेम्पोत उभ्यानं आली होती. मागचा फाळका पडायची वाट न बघता त्यांनी उड्या टाकल्या. तो मागच्या बाकावरचा केमिस्ट सगळ्यांत पुढं पळत होता आणि ओरडत होता, "सचिव, थांबवा! तहकूब करू नका!"

एकोणतीस. अजून दीड मिनिट बाकी होतं. निरीक्षकांनी उठून स्वतः डोकी मोजली, परत मोजली. तेवढ्यात साडेअकराची माणसं आपल्या हक्काच्या वेळेला यायला लागली. स्कूटरी, रिक्षा, राहुरीहून प्राध्यापकांच्या गाडीत कोंबलेले पाच जण. बाक पुरेनात. लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसले, भिंतीला टेकून उभे राहिले. सत्तेचाळीस!

"गणसंख्या पूर्ण आहे," सचिव म्हणाले. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, मुद्दाम, मोठ्यानं, शाळेच्या मैदानापलीकडे ऐकू जाईल असं. "गणसंख्या पूर्ण आहे. सभा सुरू होत आहे!" टाळ्या इतक्या वाजल्या की शिपाई काय झालं बघायला आला. मी टाळ्या वाजवत होते आणि रडतही होते. अध्यक्षांचेही डोळे ओले झाले होते.

विषय एकामागून एक झाले. निरीक्षकांनी कागदावर सही केली, शाखा चालू राहील असं उठून सांगितलं, पुन्हा टाळ्या झाल्या. शेवटचा विषय उरला, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. हा विषय आमच्याकडे एका वाक्यात उरकायचा, कारण ऐनवेळी कुणाचंच काही नसायचं. सचिव सवयीनं आभार मानायला उभे राहिले.

"सचिव, बसा खाली," मागून कुणीतरी म्हणालं. "आमचं बोलायचं राहिलंय."

"पण आता आभार..."

"आभार कसले? सभा संपलीय कुठं?"

हात वर व्हायला लागले. इकडे दोन, तिकडे चार, खिडकीच्या कट्ट्यावरून तीन. कुणाला आपल्या लॅबमधला पाण्याचा नमुना दाखवायचा होता, कुणाला पुढच्या महिन्याचा फसलेला नमुना आत्ताच सांगायचा होता. सगळे एकदम बोलायला लागले तेव्हा अध्यक्षांनी मला नावं लिहून घ्यायला सांगितलं. सचिव पहिल्या बाकावर बसले. लहान मुलांचा तो बुटका बाक, त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले होते. थोड्या वेळानं ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "ताई, माझंही नाव घाला."

मी लिहिलं. "सचिव, तुमचा नंबर सतरावा."

"सतरावा?" त्यांनी मागं वळून सबंध वर्गावरून नजर फिरवली. माझा कागद आपल्याकडे ओढला, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मला अठरावा करा. त्या भिंतीजवळच्या बाईंनी आत्ता हात वर केलाय."